‘निश्चित आशा’ म्हणजे काय? ख्रिस्ती लोकांची साक्ष आणि सार्वकालिक जीवनाची खात्री, सोप्या शब्दांत

मागच्या पावसाळ्यात माझी आत्या गेली. नगरच्या कबरस्तानात घोट्यापर्यंत चिखल होता, पेटी खाली सोडताना दोर हातातून निसटत होते. पुण्याहून माझी ऑफिसातली मैत्रीण आली होती. ख्रिस्ती दफनविधी ती पहिल्यांदाच पाहत होती. ‘मातीस माती, राखेस राख, धुळीस धूळ’ हे तिने कुठेतरी ऐकलेलं होतं. त्याच्या पुढचे शब्द मात्र तिला नवे होते: पुनरुत्थानाच्या निश्चित आशेने.

परतीच्या वाटेवर सुप्याजवळ चहाला थांबलो तेव्हा ती म्हणाली, “एक विचारू? राग मानू नकोस. आशा असते तेव्हा गोष्ट नक्की नसते. नक्की असते तेव्हा आशा कशाला लागते? मग ‘निश्चित आशा’ हे काय आहे? आणि आत प्रार्थनेला ती बाई उभी राहून बोलली, तिला सगळे ‘साक्ष’ म्हणत होते. बातम्यांमध्ये धर्मांतराच्या कायद्यांबद्दल वाचते तेव्हा मला वाटायचं, साक्ष म्हणजे प्रचार.”

चहा संपेपर्यंत जमेल तेवढं मी सांगितलं. ते अपुरं होतं. पूर्ण उत्तर इथे लिहिते आहे, कारण हाच प्रश्न अनेकांच्या मनात असतो आणि भिडेपोटी कुणी विचारत नाही.

साक्ष हा कोर्टातला शब्द आहे

आधी शब्द समजून घेऊ. कोर्टात वकील असतो आणि साक्षीदार असतो. वकील युक्तिवाद करतो, कलमं काढतो, समोरच्याला निरुत्तर करतो. साक्षीदाराचं काम त्याहून लहान आणि त्याहून अवघड. आपण काय पाहिलं, काय ऐकलं, आपल्या बाबतीत काय घडलं, तेवढंच त्याने सांगायचं. ‘असं झालं असावं’ म्हणायला लागला की न्यायाधीश त्याला थांबवतात.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, येशूने शिष्यांना ‘माझे साक्षी व्हा’ असं सांगितलं, ते ह्याच अर्थाने. ‘माझे वकील व्हा’ असं तो म्हणाला नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या (म्हणजे योहानाने सांगितलेल्या येशूच्या चरित्राच्या) नवव्या अध्यायात जन्मांध माणसाची गोष्ट आहे. येशूने त्याला दृष्टी दिली, म्हणून धर्मपुढारी त्याची उलटतपासणी घेतात. हा येशू पापी आहे की नाही, सांग! त्या माणसाला धर्मशास्त्र येत नाही. तो म्हणतो, ते मला ठाऊक नाही. मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं, एवढं एकच मला ठाऊक आहे. साक्ष म्हणजे हे वाक्य. त्यात ‘मला ठाऊक नाही’ सुद्धा आहे, आणि ते तितकंच महत्त्वाचं आहे.

येशू मेलेल्यांतून उठला, ही पहिली साक्ष ज्यांनी दिली त्या मग्दालीया मरिया आणि तिच्याबरोबरच्या बायका होत्या. शिष्यांना त्यांचं बोलणं वायफळ वाटलं, हे दुसरा शुभवर्तमानकार लूक ह्याने झाकून ठेवलेलं नाही. पुढे पौलाने, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या एका ख्रिस्ती प्रचारकाने, करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं (इथे ‘मंडळी’ म्हणजे एका गावचे विश्वासणारे लोक). त्यात उठलेल्या येशूला पाहणाऱ्यांची यादीच आहे. पाचशेहून अधिक जणांनी त्याला एका वेळी पाहिलं, त्यातले बहुतेक अजून हयात आहेत, असं पौल सांगतो. आणि मग तो एक फार धाडसाचं वाक्य लिहितो: ख्रिस्त उठलाच नसेल तर आम्ही देवाविषयी खोटी साक्ष देणारे ठरू. माणूस स्वतःला पिंजऱ्यात उभं करतो आहे. खोटी साक्ष देऊ नको ही दहा आज्ञांपैकी एक आज्ञा आहे, आणि पौल त्या आज्ञेत वाढलेला यहुदी होता.

साक्षीदाराला मूळ ग्रीक भाषेत ‘मार्तुस’ म्हणतात. सांगितलेलं मागे घ्या नाहीतर मरा, असं ज्यांना म्हटलं गेलं आणि ज्यांनी मागे घेतलं नाही, त्यांच्यामुळे पुढे त्याच शब्दाला ‘हुतात्मा’ असा अर्थ आला.

आमच्या मंडळीत ती दिसते कशी

गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. सतरंज्या अंथरलेल्या, चपलांचा ढीग दाराशी, गीतांची पुस्तकं कमी आणि माणसं जास्त. एखाद-दुसरं गीत झालं की पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, विचारतात, कुणाला साक्ष द्यायची आहे का? मग कुणी उभं राहतं. कधी ती साक्ष फारच लांबते. कधी आजार बरा झाल्याची असते, आणि ऐकणाऱ्यांत ज्याचं माणूस बरं झालं नाही तो मान खाली घालून बसतो. मला स्वतःला अशा साक्षी ऐकताना अवघडायला होतं. दुखणं बरं झालं तर आभार मानावेत. पण साक्षीचा गाभा तो नव्हे, असं मला मनापासून वाटतं.

आत्याची साक्ष मी लहानपणापासून ऐकत आले, त्यामुळे ती मला तोंडपाठ आहे. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तिचा आणि तिच्या धाकट्या जावेचा नऊ वर्षं अबोला होता. एकच वाडा, मध्ये एक भिंत. आत्या म्हणायची: “पहिल्या योहानाच्या पत्रात वाचलं की जो भावावर प्रीती करत नाही तो मरणातच राहतो. मी रविवार चुकवत नव्हते, पण मी मेलेलीच होते. एका संध्याकाळी उठले आणि तिच्या ओट्यावर जाऊन बसले. म्हटलं, चूक माझी होती. हे माझ्याने होणारं काम नव्हतं. प्रभूने केलं.” एवढं बोलून ती पदराने तोंड पुसायची आणि खाली बसायची.

तिच्या साक्षीतल्या ‘मेलेलीच होते’ ह्या शब्दांवरच आपल्याला पुढे जायचं आहे.

सार्वकालिक जीवन: लांबी नव्हे, जात वेगळी

‘सार्वकालिक’ म्हणजे सर्व काळचं, न संपणारं. हा शब्द ऐकला की मनात येतं ते मेल्यानंतरचं आयुष्य, न संपणाऱ्या सुट्टीसारखं काहीतरी. नुसती लांबी वाढवायची असेल तर त्यात मोठं काय? दुःखात असलेल्या माणसाला अजून शंभर वर्षं मिळाली तर तो हातच जोडेल.

योहानाच्या सतराव्या अध्यायात येशू प्रार्थनेत त्याचा अर्थ सांगतो: एकच खरा देव जो पिता, त्याला आणि त्याने पाठवलेल्या येशू ख्रिस्ताला ओळखणं, हेच सार्वकालिक जीवन. म्हणजे ते एक नातं आहे. नातं आजपासून सुरू होऊ शकतं आणि त्याला मरणाची वाट पाहावी लागत नाही. म्हणूनच योहान ‘मिळेल’ असं न म्हणता ‘मिळालं आहे’ असं लिहितो: विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात पार गेला आहे. आत्याच्या हिशोबाने तिचं सार्वकालिक जीवन त्या ओट्यावरच्या संध्याकाळी दिसायला लागलं, दफनाच्या दिवशी नव्हे.

आपल्याकडच्या वाचकाला मोक्ष, मुक्ती हे शब्द ओळखीचे आहेत, म्हणून फरक सांगते. त्या शब्दांचे अर्थही संप्रदायाप्रमाणे बदलतात. पण साधारणपणे त्यात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका आहे. ख्रिस्ती आशेत सुटकेपेक्षा सहवासावर भर आहे. महाराष्ट्रातल्या भक्तिपरंपरेत वाढलेल्याला हे अगदी परकं वाटू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत की ते तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आले.

दुसरा फरक शरीराचा. ख्रिस्ती विश्वासात आत्मा तेवढा अमर आणि देह टाकाऊ, असं नाही. देहासकट पुनरुत्थान होईल, असा तो विश्वास आहे. पौल त्याला पेरणीची उपमा देतो. दाणा मातीत जातो, उगवतं ते त्या दाण्यासारखं दिसत नाही, पण असतं त्याचंच. आमच्याकडे ज्वारी पेरणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणून कबरस्तानात माती टाकताना आम्ही ‘आशा’ म्हणतो. पेरणाऱ्याचीही आशाच असते. फक्त पेरणाऱ्याचा पाऊस चुकू शकतो, आणि इथे ज्याच्यावर भिस्त आहे तो स्वतः आधी कबरेतून उठला आहे, असं साक्षीदार सांगतात.

मग ‘निश्चित’ कशाच्या जोरावर?

मैत्रिणीचा खरा प्रश्न हा होता. मराठी बायबलमध्ये इब्री लोकांच्या पत्रात विश्वासाची व्याख्या करताना ‘भरवसा’ हा शब्द येतो. मला हा शब्द फार आवडतो. गणिताच्या उत्तराबद्दल आपण भरवसा म्हणत नाही. भरवसा माणसावर असतो.

कल्याणहून नगरला येताना माळशेज घाट लागतो. लहानपणी आत्याबरोबर एसटीने यायचे तेव्हा ती पूर्ण घाटभर पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून बसायची आणि मी तिच्या मांडीवर गाढ झोपलेली असायचे. दोघीही नगरला पोचायचो, एकाच वेळी. पोचवायची ती गाडी आणि ड्रायव्हर. माझी झोप किंवा तिची भीती नव्हे. तारणाच्या खात्रीचं असंच आहे. (तारण म्हणजे पापापासून आणि मरणापासून देवाने केलेली सुटका.) माझा विश्वास किती घट्ट आहे ह्यावर ती उभी नाही. ज्याच्यावर विश्वास ठेवला तो किती खरा आहे, ह्यावर ती उभी आहे.

इफिसकरांच्या पत्रात पौल म्हणतो, तुमचं तारण कृपेने झालं आहे, ते तुमच्या हातून झालेलं नाही, ते देवाचं दान आहे. कृपा म्हणजे लायकी नसताना मिळालेलं. ते मिळवलेलं असतं, तर खात्री कधीच वाटली नसती. पुरेसं केलं का, हा प्रश्न पिच्छा सोडत नाही.

पौलाचीच आणखी एक उपमा आहे, दत्तक मुलाची. मूल घरात आणलं, कागद झाले, नाव लागलं. पहिले काही महिने ते मूल रात्री दचकून उठतं, ताटात वाढलेलं खिशात लपवतं. आई रोज सांगते, बाळा, उद्याही जेवण आहे. मुलाच्या मनातली खात्री हळूहळू येते. त्याचं त्या घरातलं स्थान मात्र पहिल्या दिवसापासून पक्कं असतं. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ध्यानात ठेवलं तर पुढचे बरेच घोळ टळतात.

मनातली खात्री येते कुठून? रोमकरांच्या आठव्या अध्यायात पुन्हा तोच कोर्टातला शब्द आहे: आपण देवाची मुलं आहोत अशी पवित्र आत्मा स्वतः आपल्या आत्म्याबरोबर साक्ष देतो. म्हणजे आपण जगाला साक्ष देण्याआधी आपल्या आत कुणीतरी साक्ष दिलेली असते. आणि योहान एक उघड खूणही सांगतो. आपण बंधूंवर प्रीती करतो, त्यावरून आपण मरणातून जीवनात आलो हे आपल्याला कळतं. आत्याने ही ओळ पेन्सिलीने अधोरेखित केलेली होती. समासात जावेचं नाव होतं, आणि एक तारीख.

सगळे ख्रिस्ती ह्यावर एकमत आहेत का?

नाहीत, आणि हे लपवण्यात अर्थ नाही.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर आणि जॉन कॅल्विन ह्या प्रॉटेस्टंट सुधारकांनी विश्वासणाऱ्याला तारणाची खात्री असू शकते, असावी, असं शिकवलं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये त्यावर उत्तर दिलं. देवाच्या दयेवर कुणी शंका घेऊ नये, पण आपल्याला कृपा मिळालीच आहे हे चूक होण्याची शक्यताच नाही इतक्या खात्रीने कुणाला कळत नाही, असा त्याचा आशय. पुढे प्रॉटेस्टंटांतही दोन तट पडले. खरा विश्वासणारा शेवटी गळून पडणार नाही, असं कॅल्विनच्या मार्गाने जाणारे मानतात. माणूस पाठ फिरवून जाऊ शकतो, असं मेथॉडिस्ट मानतात.

त्या मेथॉडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली. ते इंग्लंडच्या चर्चचे दीक्षित धर्मगुरू होते, अमेरिकेत जाऊन सेवा करून आलेले होते, तरी त्यांच्या मनाला खात्री नव्हती. २४ मे १७३८ रोजी संध्याकाळी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेला ते फारसं मनात नसताना गेले. तिथे कुणीतरी ल्यूथरने लिहिलेली एक प्रस्तावना वाचून दाखवत होतं. पावणेनऊच्या सुमारास आपल्या हृदयाला विलक्षण ऊब जाणवली आणि ख्रिस्ताने आपलीही पापं दूर केली अशी खात्री मिळाली, असं त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं.

३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात लुथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. त्यात तारणाच्या खात्रीवर वेगळा भाग आहे. विश्वासणाऱ्याने देवाच्या वचनावर विसंबावं, स्वतःकडे पाहिलं तर भीती वाटेल, पण ख्रिस्ताकडे पाहावं, असा त्याचा रोख. साडेचारशे वर्षांचा वाद सगळा मिटला नाही, तरी वसईचा कॅथलिक आणि नगरचा प्रॉटेस्टंट आता दफनाला शेजारी उभे राहून बहुतेक तेच शब्द म्हणू शकतात.

‘आम्ही स्वर्गात जाणार’ हा अहंकार नाही का?

‘आम्ही चांगले म्हणून जाणार’ असं कुणी म्हटलं तर तो अहंकारच आहे, आणि तसं म्हणणारे ख्रिस्ती मला भेटलेले आहेत. पण मग त्यांनी कृपेचा अर्थच उलटा केला. वधस्तंभावर येशूच्या शेजारी एक अपराधी होता. त्याच्याजवळ दाखवायला काही नव्हतं. बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) नाही, दानधर्म नाही, सुधारायला उद्याचा दिवससुद्धा नाही. तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील, हे वचन त्याला मिळालं. खात्री कुणाला मिळू शकते, ह्याचं बायबलमधलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण तोच, आणि तो मिरवणार कशाने?

मग कसंही वागायला मोकळे?

हा आक्षेप पौलाच्या हयातीतही घेतला गेला होता. रोमकरांच्या सहाव्या अध्यायाची सुरुवातच अशी आहे: कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं काय? त्याचं उत्तर: कधीच नाही. याकोब त्याच्याही पुढे जाऊन क्रियांवाचून विश्वास मेलेला आहे असं म्हणतो.

जक्कय जकातदारांचा मुखिया होता, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी जेवायला गेला, आधी काही अट न घालता. जेवताना जक्कय उठला आणि म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो. क्रम पाहा. पैसे परत केले म्हणून येशू आला नाही. येशू आला म्हणून पैसे परत निघाले. ज्याच्या आयुष्यात काहीच परत निघत नाही, त्याच्या खात्रीबद्दल शेजाऱ्याने शंका घेतली तर शेजाऱ्याचं चुकत नाही.

शंका आली तर खात्री गेली?

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मराठी माणसाने तरी वाचावं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. संस्कृत जाणणारी, वादविवादात भल्याभल्यांना पुरून उरणारी ही बाई. पण १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त, तो सापडलेला नाही.

आठ वर्षं! ह्या काळात त्या अमेरिकेत हिंडून आल्या होत्या, मुंबईत शारदा सदन काढलं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला त्या नावाजलेल्या ख्रिस्ती बाई होत्या. आतल्या रिकामेपणाबद्दल त्यांनी लिहिलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. मला त्यांच्या साक्षीतला हा भाग सगळ्यात विश्वासार्ह वाटतो, कारण खोटा साक्षीदार स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट सांगत नाही.

पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, आणि बायबलचं मूळ भाषांवरून सोप्या मराठीत भाषांतर करण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं. ज्या मुलीच्या हाती संस्था द्यायची ती मनोरमा १९२१ मध्ये वारली. रमाबाईंनी भाषांतराचं काम चालू ठेवलं, पूर्ण केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. माझ्या मते निश्चित आशा अशी दिसते. त्यांना रडू आलं नसेल असं नाही. पण मुलगी गेल्यावरही हातातली पानं त्यांनी बाजूला सारली नाहीत.

मार्काच्या नवव्या अध्यायात एका आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. विश्वास आणि अविश्वास दोन्ही एका श्वासात. येशूने त्याला परत पाठवलं नाही. मुलगा बरा झाला.

साक्ष म्हणजे धर्मांतराचं हत्यार, असं लोक म्हणतात त्याचं काय?

इथे जरा थांबून लिहायला हवं.

कायदा आधी. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे; सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य ह्यांच्या अधीन राहून. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रसार’ ह्याचा अर्थ सांगितला: आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही. ह्या निकालावर कायदेपंडितांनी टीकाही केली आहे. पण साक्षीच्या बाजूने पाहिलं तर मला त्यात अडचण दिसत नाही. साक्षीदाराचं काम सांगण्यापुरतंच असतं. मन बदलणं माझ्या हातात नाही, असं तर आमची शिकवणच म्हणते. पेत्राच्या पत्रातली सूचना तर अगदी नेमकी आहे: तुमच्या आशेबद्दल जो विचारेल त्याला उत्तर द्या, पण सौम्यतेने आणि आदराने. कुणी विचारलं नसताना, घाबरवून किंवा काही देऊ करून बोलणं ह्यात बसत नाही. आमिष दाखवून मिळवलेली साक्ष ही विकत घेतलेली साक्ष. कोर्टात त्याला काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे.

आता टोमणा. दुष्काळात धान्यासाठी ख्रिस्ती झाले, असं आमच्या नगर भागातल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं जातं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर इथे अनेक जण ख्रिस्ती झाले, हे खरं. आमचं घराणंही त्यातलंच. भुकेचा त्यात वाटा नव्हता असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. पण ज्यांना गावच्या विहिरीला हात लावू दिला जात नव्हता, त्यांना कुणीतरी शेजारी बसवून जेवू घातलं आणि अक्षर शिकवलं, तर त्यांनी ‘हा कुठला देव?’ असं विचारलं ह्यात मला काही लाजिरवाणं दिसत नाही. आणि दुष्काळ सरल्यावरही जे राहिले, त्यांच्या पोती संपल्यानंतरच्या वर्षांची साक्ष कुणी विचारत नाही.

साक्ष कशी असावी ह्याचं चित्र टिळकांच्याच आयुष्यात आहे. १८९३ मध्ये आगगाडीच्या डब्यात त्यांना एक गोरा प्रवासी भेटला. दोघांचं कवितेवर, धर्मावर बोलणं झालं. उतरताना त्याने टिळकांना नवा करार भेट दिला. नाव-पत्त्याची देवघेवसुद्धा झाली नाही. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई? त्या हादरल्या. नवरा धर्म सोडून गेला होता. काही वर्षं दोघं दूर राहिली, मग एकत्र आली, आणि एका घरात राहूनही त्यांचं सोवळं काही काळ चालूच होतं. त्या ख्रिस्ती झाल्या १९०० मध्ये, त्यांच्या मनाला पटलं तेव्हा. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळतं की त्यांना कुणी वादात जिंकलेलं नव्हतं.

मग बाकीच्यांचं काय?

सुप्याच्या हॉटेलात मैत्रिणीने हा प्रश्न सर्वांत हळू आवाजात विचारला. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले, पंढरीची वारी कधी न चुकवलेले. “म्हणजे तुमच्या मते माझे बाबा...” तिने वाक्य पूर्ण केलं नाही.

ख्रिस्ती लोकांची उत्तरं इथे वेगवेगळी आहेत. येशूशिवाय पित्याकडे कुणी येत नाही, हे वाक्य योहानात आहे आणि मी ते पुसू शकत नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये असं म्हटलं की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्ताची सुवार्ता कळली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. अनेक प्रॉटेस्टंट इतकं पुढे जात नाहीत.

मी तिला म्हटलं, “मी साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. तुझ्या बाबांबद्दल निकाल द्यायला मला बसवलेलं नाही. न्याय ज्याच्या हातात आहे त्याच्या हाताला खिळ्यांचे व्रण आहेत, एवढं मी सांगू शकते.”

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आणि तू? तुला आहे ती खात्री?”

पुस्तकातलं सगळं सांगून झाल्यावर हा प्रश्न येणारच होता. मी म्हटलं, आहे. रोज सारखी वाटत नाही. आत्याला दवाखान्यात ऑक्सिजन लावला त्या रात्री मला काहीच वाटत नव्हतं, प्रार्थनेला शब्द सुचत नव्हते. बाकावर तिची धाकटी जाऊ बसली होती, आता सत्तरीची. तिने आत्याचं बायबल जुन्या लुगड्याच्या फडक्यातून सोडवलं आणि चष्मा नसल्यामुळे माझ्या हातात दिलं. “तिची ओळ वाच,” म्हणाली. मी वाचली. आपण मरणातून जीवनात गेलो आहोत हे आपल्याला ठाऊक आहे, कारण आपण बंधूंवर प्रीती करतो. जाऊ म्हणाली, “माझ्या ओट्यावर आली होती ना ती. मी पाहिलंय.”